उष्टावणानंतरचे सहा महिने

(कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविका, आशा आणि बचतगटांच्या कार्यकर्त्या यांच्यापुढे केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



मला विषय लिहून दिला होता, ‘घरगुती पूरक आहार : सहा ते बारा महिने’. असा विषय म्हटला की समोरच्या बायका वही उघडतात आणि नाचणी किती, डाळ किती हे लिहून घ्यायला बसतात. ते मी सांगणारच आहे, तेव्हा वह्या मिटू नका. पण तुमच्यातल्या निम्म्याजणींना ते माझ्याइतकंच पाठ आहे. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ताच लावलेला असतो. आणि तरीही आपल्या देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं किती, तर शंभरात अकरा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा आहे. तक्ता भिंतीवर आहे आणि घास मुलाच्या तोंडात नाही. मग मधे अडतंय कुठे? सरकारी भाषेत याचं उत्तर ‘मातांमधील अज्ञान’ असं असतं. अज्ञान आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या मते त्याहून जास्त अडतं ते बाईच्या वेळापाशी, आणि आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. पाककृती वाटेत येतीलच.

आपल्याकडे बाळाच्या पहिल्या घासाचा सोहळा करतात. उष्टावण. बाळाला नवं अंगडं-टोपडं घालायचं, मामाच्या मांडीवर बसवायचं, आणि मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची. म्हणजे बघा, मुलाला भरवणं हे पुरुषाचं काम आहे हे आपल्या परंपरेला मान्य आहे! फक्त घास एकच. मामा जेवून, टॉवेल-टोपी घेऊन गावाला जातो आणि दुसऱ्या घासापासून पुढचं सगळं आईच्या गळ्यात.

ते ‘पुढचं सगळं’ म्हणजे किती, याचा एकदा हिशोब करूया. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा वरचं अन्न लागतं. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा, शिवाय मधे एखादा खाऊ. खाऊ सोडून देऊ. पहिल्या नव्वद दिवसांत दोनशेच्या वर, पुढच्या नव्वद दिवसांत तीनशेच्या आसपास, मिळून पाचशे वेळा भरवणं झालं. सात महिन्यांचं पोर काही पाच मिनिटांत जेवून उठत नाही. निम्मं थुंकतं, निम्मं अंगाला फासतं, मधेच मांजराकडे बघत बसतं. प्रत्येक वेळी अर्धा तास धरा. अडीचशे तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर एकतीस दिवस. महिनाभर, सुट्टी न घेता, पूर्णवेळ करायचं काम झालं हे, आणि ते सुद्धा नुसतं भरवण्याचं. दळणं, शिजवणं, कुस्करणं, भांडी उकळणं, अंगडी धुणं यात कुठेच नाही. हे काम कुठल्याही हजेरीपटावर लागत नाही.

आता सहा महिनेच का, ते थोडक्यात. घरात म्हणतात, आता आईचं दूध पांचट झालं. तसं काही होत नसतं. दूध चांगलंच राहतं आणि दोन वर्षांपर्यंत, त्याच्या पुढेही द्यायचं असतं. पण बाळ वाढतं आणि एकटं दूध त्याला पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज दोनशेच्या आसपास उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांना तीनशे. दोनशे म्हणजे साधारण दोन चपात्यांएवढे. दुसरी गोष्ट लोहाची. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. बाळ पोटातूनच लोहाची शिदोरी बांधून आणतं आणि ती सुमारे सहा महिने पुरते. बाळंतपणात नाळ कापायची घाई केली नाही, मिनिटभर थांबलं, तर शिदोरीत थोडी भर पडते. आईलाच रक्तक्षय असला, किंवा बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं असलं, तर ती लवकर संपते. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सदुसष्ट मुलं रक्तक्षयाची निघाली आहेत. त्या सदुसष्टांची सुरुवात बहुतेकदा या सहा महिन्यांतच झालेली असते.

इथे सासूबाईंची बाजूही मांडायला हवी. त्या म्हणतात, ‘आम्ही तर चौथ्या महिन्यात चालू केलंतं, काय झालं पोरास्नी?’ त्यांना अडाणी म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला २००१ पर्यंत ‘चार ते सहा महिने’ असा होता. त्या वर्षी तो बदलून ‘सहा महिने पुरे’ असा झाला. आज पन्नाशीला आलेल्या सासूबाईंना त्यांच्या बाळंतपणात दवाखान्यातच तसं सांगितलेलं असणार. पंचांगाचं मात्र वेगळं. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, सहाव्या नाहीतर आठव्या, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या नाहीतर सातव्या. महिना चालू धरायचा की पुरा यावर पुन्हा वाद. मुलगा-मुलगी दोघांचं पोट सारखंच असतं आणि लोहही एकाच सुमाराला संपतं. सोहळा मुहूर्तावर करा, हवा तर करूही नका. बाळाचे सहा महिने पुरे झाले, मान धरून आधाराने बसायला लागलं, की अन्न चालू करायचं.

काय द्यायचं? पहिली गोष्ट, पाणी देऊ नका. म्हणजे वरणाचं पाणी, भाताची पेज, भाजीचं पाणी. ‘डाळीचं सत्त्व पाण्यात उतरतं’ ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. सत्त्व डाळीतच खाली बसलेलं असतं आणि ते घरातले बाकीचे खातात. बाळाचं पोट एवढंसं असतं. सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर दोनशे-अडीचशे मिलिलिटर मावणार. ते पाण्याने भरलं की बाळ गप्प होतं, झोपतंही, आणि आईला वाटतं जेवलं. वजनाच्या काट्यावर मात्र महिनाभराने कळतं. तुम्हा सेविकांना मी काय सांगू, तुम्ही तो तक्ता भरता. म्हणून साधी खूण लक्षात ठेवा. चमचा तिरका केला तरी त्यावरून पटकन ओघळून जाणार नाही इतकं घट्ट. वरण आणि भात दोन्ही बोटांनी मऊ कुस्करायचं आणि वर चमचाभर तूप किंवा तेल. तूप-तेलाने थोड्या घासात जास्त ताकद मिळते, आणि हे तेल सुनेच्या लाडाचं नसून नातवाच्या औषधाचं आहे असं सांगितलं की घरातही चालतं.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी. मग वाढवत वाढवत आठव्या महिन्यापर्यंत एक लहान वाटी. नववा लागला की मिक्सरमधलं बारीक वाटण बंद करा, जाडंभरडं कुस्करून द्या, बोटांत धरून खाता येईल असं काहीतरी हातात द्या. उकडलेल्या बटाट्याची मऊ फोड, केळं, दुधात कालवलेल्या भाकरीचा तुकडा. वर्षाचं झालं की घरातलं सगळं, फक्त तिखट-मीठ घालायच्या आधी बाजूला काढलेलं.

आता नाचणी. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या बाजूच्या बायकांना नाचणीबद्दल शहरातून येऊन मी काय सांगावं! पण गंमत अशी, की डोंगरातली बाई नाचणीला गरिबाचं धान्य समजून पोराला बिस्किट देते आणि शहरातली बाई दुकानातून ‘रागी’ म्हणून चौपट भावाने आणते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, हा गहू-तांदळाच्या कितीतरी पट आहे. नाचणी धुवून रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्या, सावलीत वाळवा, मोड चोळून काढा, मंद भाजा, दळा. ज्याला आपण ‘सत्त्व’ म्हणतो ते काढताना नाचणी वाटून कापडातून गाळतात आणि चोथा टाकतात. चोथ्याबरोबर बरंच चांगलंही जातं. त्यापेक्षा मोड आणलेलं पीठ बरं आणि कष्टही कमी. तीन वाट्या नाचणी किंवा तांदूळ असेल तर एक वाटी भाजलेली मूगडाळ, एवढं प्रमाण पुरे. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच करा.

मोडाच्या पिठाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्या म्हाताऱ्यांना अंबिल करताना हाताने माहीत होता. लापशी घट्ट केली तर बाळाला गिळत नाही, पातळ केली तर पोट पाण्याने भरतं. ही अडचण जगभरच्या आयांची आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात यावर काम केलं. घट्ट शिजवलेल्या गरम लापशीत मोड आणलेल्या धान्याचं चमचाभर पीठ ढवळलं की लापशी आपोआप सैल होते, पाणी न घालता. मोडात जो पाचक पदार्थ तयार होतो तो पिठूळपणा तोडतो. पीठ घातल्यावर पुन्हा मिनिट-दोन मिनिटं उकळून घ्या, म्हणजे कच्चं राहणार नाही. चुलीवर हे तुम्ही उद्या करून बघा, डोळ्यांदेखत होतं.

शेंगदाणा आपल्याकडे मुबलक आहे. भाजून अगदी बारीक कूट करून लापशीत घाला. अख्खा किंवा अर्धा दाणा मात्र तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. पालेभाजी, लाल भोपळा, गाजर शिजवून कुस्करून भातातच मिसळायचं. वर थोडं लिंबू पिळलं तर भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

अंडं सहा महिने पुरे झाल्यावर चालतं, पिवळं-पांढरं दोन्ही, पूर्ण शिजवून. आणि मटण. आपल्या कोल्हापुरात यावर बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही! रविवारी घरोघरी तांबडा-पांढरा होतो. फोडी कुणाच्या ताटात जातात? आधी सासरे, दीर, नवरा, मग पोरगे. बाईच्या आणि लहानग्याच्या वाट्याला रस्सा. ‘बाळाला पांढरा रस्सा पाजा, ताकद येते’ म्हणून वाटीभर पाजतातही. रश्श्यात मीठ, मसाला आणि चव आहे. लोह फोडीत आहे. बाळाला रस्सा नको, बिनतिखटाची एक मऊ शिजलेली फोड किंवा काळजाचा तुकडा बारीक चेचून भातात द्या. आणि ते काढताना आईसाठीही दोन फोडी काढा, कारण पुढच्या बाळाची शिदोरी तिथूनच भरायची असते. शाकाहारी घरात डाळ, उसळ, दाण्याचं कूट, दही हे रोज आणि जरा जास्त लागेल.

काय द्यायचं नाही ते सांगताना मला इथे जरा भीती वाटते, कारण मी गुळाच्या गावात बोलते आहे. पण बाळाला गूळ, काकवी, साखर काही नको. वर्षाच्या आत मीठही नको. त्याच्या जिभेला अळणी म्हणजे काय हे माहीतच नाही, अळणी आपल्याला लागतं. मध तर वर्षाच्या आत बोटावरही चाटवायचा नाही. त्यात असे जंतूंचे बीज असू शकतात की मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात. गुटी मधात उगाळून चाटवतात, तीही त्यामुळे नको. चहा-बिस्किट नको. चहाने लोह अडतं. आणि म्हशीचं दूध. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानांना माझं काही म्हणणं नाही, पण बाळाला कच्चं दूध कधीच नको. उकळलेलं थोडं दूध लापशीत घाला, दही द्या, त्याला हरकत नाही. पण आईचं दूध मिळत असताना वर्षाच्या आत बाटल्या भरभरून म्हशीचं दूध पाजलं की पोट भरतं, जेवण राहतं आणि लोह मिळत नाही. गुबगुबीत पण पांढरंफटक मूल तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाटलीही नको, वाटी-चमचा बरा, तो घासता येतो. आजारपणात अन्न तोडू नका, थोडं थोडं करून जास्त वेळा द्या आणि बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त.

झाली पाककृती. आता वही मिटली तरी चालेल.

दुकानातल्या डब्याबद्दल आपल्या चळवळीत पूर्वीपासून बोललं जातं. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेत दुधाच्या डब्यांच्या विक्रीवर संहिता आली, तेव्हा ११८ देश बाजूने होते आणि एक विरोधात, अमेरिका. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच्या कोणत्याही डबाबंद आहाराची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायचं नाही, डॉक्टरांना भेटी द्यायच्या नाहीत. कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी आहे. तरी एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने तपासून दाखवलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर आहे, आणि त्याच कंपनीचा तसाच माल जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये बिनसाखरेचा. बोभाटा झाल्यावर कंपनीने इथेही बिनसाखरेचे प्रकार आणले.

हे सगळं खरं, आणि तरीही डबा आणणाऱ्या बाईवर ओरडायला मी तयार नाही. हुपरीत चांदीचं काम घरी आणून करणाऱ्या एका बाईने मला विचारलं होतं, ‘ताई, तुम्ही म्हणता ती लापशी व्हायला पाऊण तास. तेवढ्यात माझं किती काम बुडतं माहीत हाय का?’ तिचं काम नगावर. ती ‘घरीच असते’ म्हणून तिच्याकडे वेळ आहे असं सगळे धरून चालतात. डबा काय विकतो? गरम पाणी घातलं की दोन मिनिटांत तयार, म्हणजे तो बाईला वेळ विकतो. तो वेळ तिला दुसरीकडून कुठून मिळत नसेल तर ती विकतच घेणार. ‘घरचं ते आईच्या मायेचं’ असं भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांना हे कळत नाही. मायेला सरपण लागत नाही, लापशीला लागतं.

बाईचा वेळ कायद्यात कसा धरलेला आहे बघा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात रजा बारा आठवडे होती. २०१७ साली ती सव्वीस आठवडे झाली. मोठी गोष्ट होती, त्यासाठी बायका झगडल्या. पण सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने! त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधी घेतले असतील तर आणखी कमी. म्हणजे ज्या दिवशी बाळाला पहिला घास द्यायचा त्याच सुमाराला आईने कामावर हजर व्हायचं. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायचा हक्क मिळाला. आपल्या जिल्ह्यातल्या किती कारखान्यांत, सूतगिरण्यांत ते चालू आहे हे तुम्हीच आपापल्या तालुक्यात जाऊन बघा. आणि ही सगळी नोंदलेल्या नोकरीची गोष्ट. हुपरीच्या बाईला, चपलेच्या वेण्या घालणारीला, यंत्रमागाच्या शेडमधे कांड्या भरणारीला सव्वीस आठवडेही नाहीत आणि सव्वीस दिवसही नाहीत.

सगळ्यात वाईट अवस्था आपल्या शिवारातच आहे, पण आपण तिला आपली म्हणत नाही, कारण ती बीडहून येते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बाळंत होऊन तीन महिने झालेले असोत की सात, कोयता अर्धा करता येत नाही. पहाटे अंधारात फडावर जायचं, पोराला बांधावर उसाच्या पाचटाच्या सावलीत ठेवायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि संध्याकाळी कोपीवर येऊन भाकरी थापायच्या. या बाईला नाचणीला मोड आणायला सांगणार? तिचं सहा महिन्यांचं बाळ आपल्याकडे येतं तेव्हा दूध पिणारं असतं आणि परत जातं तेव्हा वर्षाचं झालेलं असतं. म्हणजे मी ज्या सहा महिन्यांबद्दल मघापासून बोलते आहे, ते नेमके सहा महिने ते आपल्या जिल्ह्यातल्या उसाच्या बांधावर काढतं. जिथे दिवसभरात मधे कुणी भरवत नाही. साखर आपली आणि कुपोषणाची नोंद बीडची.

सरकारची सोय काय आहे? अंगणवाडीत गरम ताजा आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा शिधा. म्हणजे जे मूल स्वतःच्या हाताने जेवतं त्याला शिजवून मिळतं, आणि ज्याला शिजवून, कुस्करून, मांडीवर घेऊन भरवायला लागतं त्याच्या आईच्या हातात पुडा. तो पुडा कोण करणार यावर केवढं राजकारण झालं हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचतगटांना काम द्या. पण महाराष्ट्रात ‘महिला मंडळ’ अशी पाटी लावून मोठी कंत्राटं गेली. २०१६ च्या निविदेत अशा अटी होत्या की साधा बचतगट त्यांच्या जवळपासही पोचला नसता. सुमारे ६,३०० कोटींची ती कंत्राटं फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. बायकांचं नाव आणि दुसऱ्यांचा नफा, हे आपल्याला नवं नाही. पुड्याची चव, त्याची तारीख, तो महिन्याला येतो की तीन महिन्यांनी, हे तपासायचा हक्क आपला आहे आणि तो आपण फार थोडा वापरतो.

सेविकांबद्दलही बोललं पाहिजे. ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर होत्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘बालकांचे हाल’ असं छापलं. बालकांचे हाल सेविका कामावर असतात तेव्हा कोण मोजतं? पगाराला ‘मानधन’ म्हणायचं, नोंदी मोबाइलवर भरून घ्यायच्या, आणि मूल कमी वजनाचं निघालं की त्या आईला आणि त्या सेविकेला एकमेकींसमोर उभं करायचं. दोघींनाही कमी मिळतं. दोघी भांडतात आणि वरच्यांचं भागतं.

घराकडे वळू. मामाने एक घास भरवला, तर बापाने रोज एक वेळ का भरवू नये? सकाळची वेळ आईची, संध्याकाळची बापाची. पैलवानाचा खुराक सांभाळणारं हे गाव आहे. इथले पुरुष बदाम सोलतात, थंडाई घोटतात, म्हशीच्या चाऱ्याचं माप डोक्यात ठेवतात. म्हणजे खाऊ घालणं हे काम पुरुषांना समजत नाही असं मुळीच नाही, हे आपण त्यांना ठणकावून सांगू शकतो. आणि मुलीकडे बघा. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. जन्मायच्या आधी जी काढली जाते तिची मोजणी होते. जन्मल्यावर जिला दुसरी वाटी विचारली जात नाही तिची होत नाही. घरी भेटीला जाल तेव्हा ‘काय खातं’ एवढंच विचारू नका, ‘कोण भरवतं, किती वेळा, आणि मधे बाई कुठे असते’ हे विचारा. अर्ध्या घरांत तिसऱ्या प्रश्नातच उत्तर मिळतं.

आता गटांनी काय करता येईल ते. मोडाचं पीठ प्रत्येकीने आपापल्या घरी करण्यात अर्थ नाही. दहा बाळांचं एकदम भिजवायला, वाळवायला एका बाईला जितका वेळ लागतो त्याहून फार जास्त वेळ एका बाळाच्या पिठाला वाचत नाही. शाहूवाडीकडून, आजऱ्याकडून नाचणी घ्या, गटात करा, करणाऱ्या बाईला मजुरी द्या. फुकट सेवा म्हणून करायचं नाही, नाहीतर आपणही तेच केलं. ग्रामपंचायतीने महिला आणि बालकल्याणासाठी उत्पन्नाचे दहा टक्के खर्च करायचे असतात. ते शिवणयंत्र वाटण्यात आणि हळदीकुंकवाच्या मंडपात जातात. ग्रामसभेत उभं राहून त्यातून पाळणाघराची एक खोली आणि एक पगारी बाई मागा. केंद्र सरकारची पाळणाघराची योजना २०२२ पासून ‘पाळणा’ या नावाने आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर करायची तरतूद तिच्यात आहे. मागितल्याशिवाय ते आपल्या गावात येणार नाही.

आणि कोप्यांवरच्या बाळांसाठी. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे, की सहा वर्षांखालची चाळीस मुलं असतील तिथे वस्तीने मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. आता टोळी राहते पाच-सहा महिने आणि अंगणवाडीला लागणार तीन, हे सरकारी गणित आहे. म्हणून टोळ्या यायच्या आधीच मागणी गेली पाहिजे. मागच्या हंगामात कोणत्या कारखान्याच्या कोप्या कुठे पडल्या होत्या, अंदाजे किती मुलं होती, हे तुमच्यातल्या आशांना तोंडपाठ असतं. ती यादी करा. एक प्रत प्रकल्प अधिकाऱ्यांना, एक कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना. फडाच्या कडेला सावलीची जागा, पाणी, आणि दुपारी मुलांना भरवायला एक पगारी बाई, एवढंच सध्या मागूया. पगार कारखान्याने द्यायचा. पत्र बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या आधी पोचलं पाहिजे, एकदा गाळप सुरू झालं की साहेब कुणाला भेटत नाहीत. अर्जाच्या मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना आपापल्या तालुक्यापुरत्या मोजून घ्या.